स्प्रिंगची गाठ

नांदुऱ्याच्या एका प्रेसिंग फॅक्टरीत एकतीस वर्षं रुईच्या गाठी बांधून रिटायर झालेल्या उत्तमरावांचं ठाम मत होतं, की दाबली की दबत नाही अशी वस्तू जगात नाही. अपवाद फक्त त्यांच्या पत्नीच्या, आशाबाईंच्या आवाजाचा. पण हे ते घरात बोलून दाखवत नसत.

त्यामुळे गाडीचा धक्के झेलणारा शॉकअप बदलायला त्याच्यावरची स्प्रिंग दाबावी लागते, असं मेकॅनिक संघपाल म्हणाला तेव्हा त्यांना हसूच आलं.

"काका, परवा या. आज तीन गाड्या खोलून पडल्या हायेत," संघपाल म्हणाला. "अन् घरी हात लावू नोका. त्याले दोन्ही बाजूनं स्क्रूचा शिकंजा लागते."

"पावणेदोन क्विंटलची गाठ बांधनाऱ्याले तू हातभर स्प्रिंग सांगून राह्यला काय बे?"

परवापर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. लेक पुष्पांजली बाळंतपण आटोपून परवा सकाळीच दुसरबीडला, सासरी निघणार होती. तिला न्यायला तिच्या सासूबाई, म्हणजे उत्तमरावांच्या विहीणबाई सुभद्राबाई, येऊन उतरल्याही होत्या. "भाड्याची जीप काऊन? माह्या गाडीत नेऊन सोडतो," असं उत्तमराव पुरणपोळीच्या ताटावर बोलून बसले होते. आणि गाडी तर प्रत्येक खड्ड्यात खडखड वाजत होती. आवाज शॉकअपचाच, हे निदान त्यांनी स्वतःच केलं होतं. तान्ह्या नातवाला असल्या खुळखुळ्यातून नेलं तर विहीणबाई जन्मभर बोलून दाखवतील, ही धास्ती त्यांना खात होती.

सकाळी चहा होताच त्यांनी शेजारच्या कचरूला हाक मारली. कचरूचं वजन एका गाठीहून थोडंच कमी.

"बोनटवर बस."

"लग्नात बी मले कोनी असा मान देल्ला नोता," म्हणत कचरू बसला. गाडी खाली गेली, स्प्रिंग दबली. उत्तमरावांनी आत हात घालून फॅक्टरीतून आणलेल्या लोखंडी पट्ट्या आवळल्या. एक नाही, चार. मग कचरूला उतरवलं, जॅक लावला, चाक काढलं, शॉकअप काढला, वरचा नट खोलला आणि बांधलेली स्प्रिंग लोण्याच्या गोळ्यासारखी अलगद हातात आली.

"पाह्य," ते कचरूला म्हणाले, "अनुभव असा असते."

इथंच थांबले असते तर! पण स्प्रिंग चिखलानं माखलेली. कालच विकत आणलेल्या नव्या शॉकअपवर मळकी स्प्रिंग चढवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. अंगणात बाथरूमच्या दाराशी नळ होता. तिथं त्यांनी ती उभी धरली, पाणी सोडलं, आणि हातात काहीतरी टंगकन वाजलं.

एक पट्टी सरकली होती. स्प्रिंग बोटभर वाढली आणि कण्हली. उत्तमरावांनी ती झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली, बाथरूमच्या दाराला टेकवून, आणि पळत येऊन तुळशीआड बसले. कचरू त्यांच्या आधीच तिथं पोचला होता.

मग आतून पाण्याचा आवाज आला. उत्तमरावांनी मान वर काढली.

"आत कोन हाय?"

"विहीणबाई आंघोळीले गेल्या हायेत," स्वयंपाकघरातून आशाबाई म्हणाल्या.

दार बाहेर उघडणारं. उघडलं की स्प्रिंग पडणार, आणि पडली की उरलेल्या पट्ट्यांचा भरवसा नाही.

"विहीणबाई," उत्तमराव तुळशीआडून म्हणाले, "बाहेर येऊ नोका."

"काऊन? साप हाय का?"

"साप नाही. स्प्रिंग हाय."

"मंग चावते का ते?"

"उडते."

"कोनं ठेवली दारात?"

उत्तर आशाबाईंनी दिलं, आणि नावासकट दिलं. पुष्पांजलीनं बाळाला घेऊन मागच्या खोलीचं दार लावलं आणि संघपालला फोन केला. तो म्हणाला, "कोनी जवळ जाऊ नोका. आलोच."

त्याला यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात दुसरी पट्टी सुटली. उत्तमरावांनी हयातीत घेतलं नव्हतं एवढं देवाचं नाव घेतलं. स्वतःचं काही होवो, विहीणबाईंच्या केसालाही धक्का नको, एवढंच ते मागत होते.

संघपालनं आधी सगळ्यांना मागे काढलं. बाजूनं येऊन स्प्रिंगवर जाड गादी टाकली, दोन्ही बाजूंनी शिकंजे अडकवले आणि इकडे अर्धा फेर, तिकडे अर्धा फेर असे पिळले. पट्ट्या ढिल्या पडल्यावर कापल्या. मग तसेच, अर्धा अर्धा फेर, सावकाश सोडत गेला. स्प्रिंग वाढली, वाढली, चांगली वीतभर वाढली. ती लांबी पाहून उत्तमरावांनी आपली बोटं मोजली. दहा होती. असं सुख त्यांना पगारवाढीतही मिळालं नव्हतं.

"काका," संघपाल म्हणाला, "रुई दाबली का दबून राह्यते. स्प्रिंग दबून नाही राहत. ते वाट पायते."

दार उघडलं. सुभद्राबाई बाहेर आल्या. त्या फक्त म्हणाल्या, "चहा ठेवा बरं." उत्तमरावांना वाटलं, देवमाणूस आहे ही बाई.

संघपालनं नवा शॉकअप बसवून दिला. गाडी फिरवून पाहिली तर आवाज अजिबात नाही. उत्तमरावांची मान पुन्हा ताठ झाली. अंगणातला जॅक त्यांनी नेहमीसारखा डिक्कीत भिरकावला.

दुसऱ्या दिवशी राजूर घाटाच्या पहिल्याच वळणावर मागून आवाज आला. खडखड, खडखड. उत्तमरावांनी वेग कमी केला. मागं पुष्पांजलीशेजारी बसलेल्या सुभद्राबाईंनी गाडी थांबवायला लावली, डिक्की उघडली, मोकळा लोळणारा जॅक उचलला आणि येऊन पायाखाली दाबून बसल्या. आवाज बंद. दुसरबीडपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. सुटलो, असं उत्तमराव मनात म्हणाले.

दारात पन्नास माणसं जमली होती. ओवाळायला बायका, गप्पांना पुरुष. सुभद्राबाई जॅक हातात घेऊनच गाडीतून उतरल्या. सगळ्यांकडे एकदा पाहून त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि घसा खाकरला.

उत्तमरावांना संघपालचं स्प्रिंगबद्दलचं बोलणं आठवलं, आणि ते चार पावलं मागं सरकले.