प, ब, भ, म आणि मेश्राम

वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये मेश्राम तोंड उघडतो ते फक्त जेवायला. बोलायचं काम त्याचा फोन करतो.

जबड्याला चिकटपट्ट्या, त्यांच्या तारा खिशातल्या डबीत. मेश्राम आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, डबी स्नायूंची हालचाल ओळखते आणि फोनमधली बाई एमआरटीतल्या, म्हणजे इथल्या मेट्रोतल्या, सूचनेच्या सुरात मराठी बोलते. वन-नॉर्थच्या ऑफिसात तो हेच यंत्र बनवतो, पण ते इंग्रजी जाणतं. मराठीचं खूळ त्याचं स्वतःचं, आणि त्यापायी जीव माझा जातो.

कारण आवाज नसला की प, ब, भ, म सगळे सारखेच. ओठ मिटतात, बस्स. परवा जेवताना बाई म्हणाली, "पीठ दे." मी उठून कणकेचा डबा आणला. साहेबांना मीठ हवं होतं. एकदा मी पाहुण्यांसोबत बसलेलो असताना फर्मान सुटलं, "मांडी घासून ठेव." भांडी हो, भांडी! मी भडकलो की बाई शांतपणे सांगते, "शिकून राह्यलं पे." हा 'पे' म्हणजे नागपूरचा 'बे'.

'जय भीम' मात्र यंत्र कधीच चुकत नाही. ते त्यानं सगळ्यात आधी शिकवलंय.

एका रविवारी सकाळपासून हॉलमध्ये एकच जप चालला होता. पापू. मापू. मामू. पापू. माझं डोकं फिरलं. "अरे, देवानं तोंड दिलंय ना तुला? त्यानं बोल की!"

मेश्रामनं पट्ट्या काढल्या. "मला आहे. आईला आवाज नाही ना बे."

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. व्हिडिओ कॉलवर ती ओठ हलवते, हा अंदाज बांधतो. "बाकी काही चुकलं तरी चालते," तो म्हणाला. "पण ती बाबू म्हणते मला. तेवढी हाक आली पाहिजे."

मला फार वाईट वाटलं. तरी चीड काही गेली नाही, कारण त्या दिवसापासून पट्ट्या लावून मुकाट्यानं बाबू बाबू करायची पाळी माझ्यावरही आली.

शेवटी एक संच नागपूरला गेला. बहिणीनं आईच्या जबड्याला पट्ट्या लावल्या आणि कॉल सुरू झाला. यंत्र फसलं तर त्याला शिव्या द्यायला कुणीतरी हवं, म्हणून मी मागे उभा राहिलो. आईचे ओठ हलले. बाई म्हणाली,

"जय भीम. मामू, जेवला का?"

मेलो, म्हटलं. एवढी मेहनत करून मामू! आता हा पुन्हा तिला तेच म्हणायला लावणार, आणि ती माउली दमून जाणार.

पण कित्येक महिने माझ्याशी फोनमधून बोलणारा मेश्राम स्वतःच्या घशातून, खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम, आई. हो, जेवलो ना."

जेवला नव्हता. भात अजून कुकरमध्येच होता.