दगडोबा तरसाची अंगाई

एका जंगलात, बाळांनो, गोजरा नावाची सशीण ओढ्यावर कपडे धूत होती. झुडपापलीकडे दोन चिमण्या कुजबुजत होत्या. दुसऱ्याचं चोरून ऐकू नये. पण कानच एवढे लांब असल्यावर बाईने करायचं काय?

"अगं, हिचा उंडग्या म्हणे दगडोबा तरसाच्या तोंडात..."

तेवढ्यात चिमण्या भुर्रकन उडाल्या. गोजराने धुणं तिथेच टाकलं. पोराला शोधत ती वडाखाली पोचली. तिथे वानरभाऊंनी पांढरं कापड ताणून, स्वतः टिपलेला सिनेमा लावला होता.

पडद्यावर दगडोबा उंडग्याला तोंडात धरून पुराचा ओढा ओलांडत होता. पडद्याशेजारी बसून किरकिरेबुवा रातकिडा ढोल बडवत होते. धाड, धाड, धाड!

"खाल्लं गं बाई, खाल्लं!" सगळं जंगल किंचाळलं.

"आई, मी इथे आहे," मागून उंडग्या म्हणाला.

"गप रे!" हरणकाका खेकसले. "मेलेल्याने मध्ये बोलू नये."

दगडोबाला जंगलाबाहेर काढायचं ठरलं. तो रडकुंडीला आला. "अहो, पोर वाहून चाललं होतं. मी वाचवलं त्याला!"

"मग ढोल कशाला वाजला?" हरणकाकांनी विचारलं.

वानरभाऊंनी बुवांना खुणावलं आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. बुवांनी ढोल ठेवून बासरी घेतली आणि अंगाई छेडली. तोच ओढा, तोच दगडोबा, तोच उंडग्या. पण आता हरणकाका हुंदके देऊ लागले. "काय ही माया! सख्खी आईसुद्धा करणार नाही हो!"

गोजराही ढसाढसा रडली. दगडोबाला तिथल्या तिथे पाळणाघराचा प्रमुख नेमलं.

पुढची तऱ्हा ऐका. साळिंदराच्या लग्नात ढोल वाजला, तर "खाल्लं, खाल्लं" करत नवरीसकट वऱ्हाड पळालं. आणि अंगाई कानावर पडली, की घरोघरची पोरं "तरसकाका पाहिजे" म्हणून भोकाड पसरू लागली.

गोजरा उंडग्याला पाळणाघरात सोडायला निघाली. वाटेत त्याला टोपडं घालू लागली, तर ते एका बाजूला घसरे. डाव्या कानाचा शेंडाच नाही!

"हे कधी झालं रे?"

"ओढ्यात. तरसकाका म्हणाले, चवीपुरता घेतो."

"मला सांगायचं नाही?"

"पडद्यावर दिसत होतं की! तू डोळे पुसत होतीस."

म्हणजे चिमण्या अगदीच खोटं बोलत नव्हत्या. पोराला खाल्लं होतं, पण शेंड्यापुरतंच.

गोजराने उंडग्याचा हात घट्ट धरला आणि ती माघारी वळली. इतक्यात पाळणाघरातून बासरी सुरू झाली.

"किती माया गं बाई," ती पुटपुटली, आणि तिने पोराला आत सोडलं.

तात्पर्य : पोर कुणाच्या हवाली करताना त्याचे दात बघत बसू नये. मागे काय वाजतंय तेवढं ऐकावं.