कुंदाताई दुसऱ्याचं शिवत नाहीत

कुंदाताई लग्नाला आल्या की आधी नवरीला भेटत नाहीत, नवऱ्याला भेटत नाहीत, पंगत कुठे बसलीय तेही विचारत नाहीत. समोर येईल त्या माणसाचा पदर, दुपट्टा नाहीतर झब्ब्याची कड हातात घेतात आणि उलटी करून बघतात. "आतून कसं आहे बघू," एवढंच म्हणतात. माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही.

वैशाखरे गावातल्या एका लग्नात त्यांनी थेट नवरदेवाची शेरवानी उलटी केली. शेरवानी कल्याणहून भाड्याने आणलेली. बगलेत शिलाई उसवली होती आणि तिथे कुणीतरी चक्क स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या. कुंदाताईंनी ही बातमी नवरदेवाला, त्याच्या आईला आणि दोन्ही मामांना दिली. हळू आवाजात बोलणं त्यांना जमत नाही. मी त्यांना ओढत मागच्या रांगेत नेलं, तिथेही त्या धुमसत होत्या. "कागद आहे का गो तो? माणसाच्या अंगावरचं कापड आहे." पुढे हार घालायला नवरदेवाने हात वर केले आणि टर्रकन आवाज आला, तेव्हा अख्ख्या मांडवाने कुंदाताईंकडे रागाने बघितलं. जणू त्यांनीच फाडली.

धसईला आमची घरं भिंतीला भिंत लागून. नव्वदच्या सुमाराला मी इथल्या शाळेत शिकवायला आले तेव्हा कुंदाताई पस्तिशीच्या असतील. सरकारी दवाखान्यात परिचर होत्या. नवरा लग्नानंतर चारच वर्षांत गेलेला. मूल नाही. घरात एक पायाचं मशीन, आणि ते मशीन फक्त त्यांच्यासाठी. शिवण हा त्यांचा धंदा नव्हता, छंद होता. गावात छंद ही गोष्ट फारशी कुणाला समजत नाही. ज्याला शिवता येतं त्याने शिवून द्यावं, असा सरळ हिशेब. त्यामुळे रोज कुणी ना कुणी ब्लाऊजपीस, साडीला लावायचा फॉल नाहीतर पोराची फाटकी चड्डी घेऊन दारात उभं.

कुंदाताई सगळ्यांना एकच सांगत. "मी माझं शिवते. दुसऱ्याचं शिवत नाय."

कुणी म्हणालं, तुमचा हात बसलाय, पाच मिनिटांचं तर काम, की त्या पेटत. धसईतल्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं होतं, की तुझाही भात लावण्यात हात बसलाय, मग माझ्या परसात दोन वाफे लावून जा की पाच मिनिटांत. तो माणूस बायकोचा ब्लाऊज घेऊन निमूट परत गेला.

आणि स्वतःसाठी त्या काय काय शिवत. दिवाळीला वेगळं, बारशाला वेगळं, झेंडावंदनाला वेगळं. जुन्या छत्रीच्या कापडाचा झालरीचा घागरा. पडद्याच्या कापडाचा लांब कोट, त्याला खांद्यावर मोराची पिसं भरलेली. हे सगळं घालून त्या भर बाजारातून चालत जात. लोक हसत. हसण्यापेक्षा वाईट बोलत. विधवा बाईने असे रंग घालावेत का, कोणासाठी नटते, असलं. मला संताप येई. कुंदाताईंनाही येई, पण भलत्याच गोष्टीचा. "रंगाचं बोलतात मेली. टाका कुणी बघितला का?" सेफ्टीपिनेचा तर त्यांना मनस्वी राग. पीन म्हणजे कापडाशी खोटं बोलणं, असं त्या म्हणत. माझ्या पदराला पीन दिसली की दिवसभर मला बोलणी.

महिला मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेत त्या दरवर्षी उतरत. एका वर्षी मी परीक्षक होते. कुंदाताई सुगरण पक्षी होऊन आल्या होत्या. पाठीवर खऱ्या गवताचं विणलेलं घरटं, पंखांची एकेक पात वेगळी कापून शिवलेली. समोर अध्यक्षीणबाईंची सून, भाड्याच्या पोशाखातली राणी, तलवार पुठ्ठ्याची. मी सुनेला पहिला नंबर दिला. मला त्याच गावात राहायचं होतं, अध्यक्षीणबाई शाळेच्या समितीवर होत्या. ही कारणं तेव्हा मला मोठी वाटली. कुंदाताई सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. सातव्या महिन्यात भिंतीपलीकडून म्हणाल्या, "त्या राणीला पाठीमागनं चिकटपट्टी होती. बघितलीस?" मी बघितली होती. मी गप्प बसले, आणि तेवढ्यावर आमचा समेट झाला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वनिताचं लग्न.

वनिता आमच्या पलीकडच्या वाडीतली, मजुरी करणाऱ्या आईची एकुलती मुलगी. लहानपणी आजारी पडली की दवाखान्यात कुंदाताईंच्याच मांडीवर असायची. तिचं लग्न मुरबाडला सामुदायिक सोहळ्यात ठरलं. रस्ताभर फलक लागले होते. नवरीला शालू, नवऱ्याला फेटा आणि शेला आयोजक मंडळातर्फे, असं कार्यकर्ते घरी येऊन सांगून गेले होते. म्हणून आईने वेगळी साडी घेतलीच नाही.

आम्ही दोघी गेलो. कुंदाताईंनी त्या दिवसासाठी पावसाळाभर बसून जांभळी नऊवारी शिवली होती, काठ हिरवा, आणि ब्लाऊजच्या बाह्यांवर सोनेरी दोऱ्याने भाताच्या लोंब्या. एकेक दाणा उठून दिसत होता. मंडपात शिरल्या शिरल्या त्यांनी वनिताच्या शालूची कड उलटी केली आणि नाक मुरडलं, पण पोरीचा चेहरा बघून बोलल्या काही नाहीत. वनिता खरंच छान दिसत होती. ती सारखी पदरावरून हात फिरवत होती.

अक्षता पडल्या. पाहुण्यांची भाषणं झाली, फोटो झाले, पाहुणे गाड्यांत बसून गेले. आणि मग मंडळाचा एक माणूस दोन बायकांना घेऊन आला. हातात यादी आणि चादरीचं गाठोडं. फेटे, शेले, शालू परत द्यायचे होते. माल भाड्याचा होता.

वनिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं. सासरची माणसं जीप आणायला गेली होती.

कुंदाताई उठल्या, वनिताच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि तिचा पदर आपल्या मुठीत धरला. तो माणूस म्हणाला, मावशी, वरून ऑर्डर आहे. कुंदाताईंनी विचारलं, वर कोण बसलाय, त्याला खाली बोलाव. मग त्यांनी त्या माणसाला जे सुनावलं ते मी सगळं लिहू शकत नाही. देतो म्हणून सांगितलंत, पोरीच्या अंगावर घातलंत, फोटो काढलेत, आता ते फोटो पण परत मागणार का, असं बरंच. लोक जमले. मीही बोलले. सहसा मी चारचौघांत बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. त्या माणसावर काही परिणाम झाला नाही. तो यादीत बोट ठेवून उभा राहिला.

शेवटी वनिताच म्हणाली, "जाऊ द्या ताई. नेऊ दे त्यांना." आणि तिने हळूच कुंदाताईंची मूठ सोडवली.

मंडपामागे पडदा धरून मी उभी राहिले. वनिताने शालू काढून दिला. सकाळी घरून नेसून आलेली छापील साडी पिशवीतून काढली. धुऊन धुऊन तिची फुलं दिसेनाशी झाली होती. ती साडी हातात घेऊन ती उभीच राहिली. कुंदाताई तिच्याकडे बघत होत्या. मग आपल्या ब्लाऊजची बटणं काढायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. वनिताच्या आईला त्यांनी विचारलं, "माझ्या अंगावरचं चालंल का गो तुला? लोक बोलतील."

आई म्हणाली, "काढा लवकर ताई. जीप आली."

नऊवारी वनिताला बरोबर बसली, कमरेला नाडीच होती. ब्लाऊज मात्र ढगळ झाला. कुंदाताईंनी तो दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला, जरा विचार केला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पीन दे." मी पदराच्या दोन्ही पिना काढून दिल्या. त्यांनी त्या आतल्या बाजूने लावल्या आणि लोंब्या सरळ केल्या. वनिता जीपमध्ये बसली तेव्हा सासरच्या बायका तिच्या बाह्यांकडे बघत राहिल्या.

कुंदाताई त्या छापील साडीत धसईला परतल्या. साडी त्यांना आखूड होत होती, घोटे उघडे. बाजारात लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, दुसऱ्याचं शिवत नाही म्हणता आणि पावसाळाभराचं काम देऊन आलात. त्या भडकल्या. "दिली नाय. मला कमरेत होत नव्हती ती." थोड्या वेळाने वाल सोलता सोलता त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. माझ्या तोवरच्या पंधरा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा. त्यांचा शालू गावातल्या एका बाईकडून मागून आणलेला. ती बाई लग्नभर मागे बसून होती. चटईवर टेकू नको, हळद लागू देऊ नको. "घाम येऊ देऊ नको म्हणाली गो. वैशाखात." हे सांगतानाही त्या रडल्या नाहीत. रागावल्या होत्या. वरात निघायच्या आधीच त्या बाईने शालू सोडून घेतला, आणि कुंदाताई चुलतीच्या साडीत सासरी गेल्या.

आठवड्याभराने त्यांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. मशीनवर नवं कापड पसरलं होतं, लिंबाच्या रंगाचं. माझ्या हातात टेप देऊन म्हणाल्या, पाठीचं माप घे. आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाही.

"मग इतकी वर्षं काय केलंत?" मी विचारलं.

"अंदाजाने," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शाळेत पोरं उंची मोजायला उभी राहतात तशा, ताठ, श्वास धरून. मी टेप एका खांद्यावर टेकवली, दुसऱ्या खांद्यापर्यंत हाताने सपाट केली आणि आकडा सांगितला.

"परत घे. नीट घे."

मी पुन्हा घेतलं. आकडा तोच आला. त्या वळल्या नाहीत.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा टेप लावली, आणि या वेळी हात उचलायची घाई केली नाही.