लंगड्या कोकराची सुधारित आवृत्ती

ही हकीकत २०२२ सालची. त्या साली सांगलीत बालचित्रपुस्तक छाननी समिती नेमली गेली आणि म्हसवडची निवृत्त शिक्षिका म्हणून मला तिच्यात लोककथेची जाणकार ठरवण्यात आलं. लहानपणी मेंढक्यांच्या गोष्टींना मी हुंकार देत असे, एवढीच माझी पात्रता. तेव्हा ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक ‘हुं’ म्हटलं तरच गोष्ट पुढं सरकायची. तो गप्प झाला की सांगणाराही थांबायचा.

जतची चित्रकार सुमैरा आपल्या आजीची, चांदबीची, गोष्ट घेऊन आली. चांदबीनं ती कानडी मेंढक्यांकडून ऐकलेली. लांडगा घोंगडी पांघरून मेंढका होतो आणि मेंढरं त्याच्यामागं निघतात. एक लंगडं कोकरू तेवढं खाली बघत चालतं, म्हणून त्याला नख्या दिसतात आणि ते ओरडतं. नव्वदीच्या आजीला तिची गोष्ट पुस्तकात दाखवायची, हीच सुमैराची घाई.

अध्यक्ष भाऊसोंनी नख्यांवर हरकत घेतली. मुलं घाबरतील, बूट दाखवा. मी हुं म्हटलं. पुढच्या बैठकीत दात आक्षेपार्ह ठरले, तिथं स्मित आलं. मी हुं म्हटलं. तिसऱ्या बैठकीत सदस्य नानासोंनी विचारलं, की बूट घातलेल्या हसऱ्या गृहस्थाला बघून कोकरू ओरडतंच का? विनाकारण ओरडणं म्हणजे बेशिस्त. सबब कोकरू वगळावं. मुद्दा बिनतोड होता.

“बाई, कोकरू गेलं तर लांडगा मेंढरं घेऊन जाईल,” सुमैरा माझ्याकडं बघून म्हणाली.

“कुठला लांडगा?” भाऊसोंनी विचारलं.

चित्रात तो खरोखरच कुठं दिसत नव्हता. मी हुं म्हटलं.

पुस्तक ‘चला रांगेत’ या नावानं निघालं आणि शाळाशाळांत वाटलं गेलं. सुमैरानं ते आजीला वाचून दाखवलं तेव्हा मीही जतला गेले होते. दोन पानं म्हातारीनं हुं हुं केलं. मग गप्प.

“कोकरू कुठं हाय गं?” तिनं विचारलं. “ते आल्याबिगर मी हुं म्हणायची न्हाई.”

सुमैरानं पुस्तक मिटलं.

चांदबी पुढच्याच वर्षी गेली. भाऊसोंना बढती मिळाली. नानासो निवृत्त झाले. ते नातवाला हेच पुस्तक वाचून दाखवतात आणि पोरगं लगेच झोपतं. सुमैरा आता जतमधल्या भिंतींवर लंगडी कोकरं रंगवते, भिंतींना अजून समिती नाही. मला शाल मिळाली.

बूटवाले गृहस्थ मेंढरं घेऊन पुढं निघालेत. घरातल्या शाळकरी पोराचं दप्तर उघडून बघा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘पाल्याकडून वाचून घेतले’ असं छापलंय, आणि त्याखालची सही तुमची आहे.