कप्तानदादा काळ्या विवरी पडले आणि साखरपुडा अडला, त्याची हकीकत

श्री. ज्याने आकाशी सूर्यचंद्र टांगिले आणि दोरी कोणास दाखविली नाही, त्यास नमन. ज्याने माणसांस बुद्धी वाटिली आणि वाटता वाटता माप कोठे ठेविले ते विसरला, त्यासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली एका राज्यात जो घोटाळा जाहला तो जैसा घडला तैसा लिहिला असे. जैसा समजला तैसा म्हणावे तर तो कोणासच समजला नाही.

हकीकत ऐसी जे, त्या राज्यी थोरल्या सारजाबाईसाहेब यांचा अंमल होता. राज्यास नाव होते, परंतु बाईसाहेबांपुढे ते कोणी काढीत नसे. चिरंजीव सर्जेराव गादीवर बसत आणि गादी कोठे घालावी ते बाईसाहेब सांगत. बाईसाहेब शाळेत फार गेल्या नाहीत. पंतोजींनी छडी उगारिली, ती बाईसाहेबांनी हातातून काढून घेतली, तेथेच विद्या संपूर्ण जाहली. परंतु उंबऱ्यात माणूस दिसावा आणि तो काय मागावयास आला ते त्याने चप्पल काढण्यापूर्वी बाईसाहेबांनी सांगावे, ऐसी नजर होती. आणि त्या राज्यी टीव्ही होता, आणि टीव्हीवर दिवेलागणीस आकाशमोहिमेची मालिका लागे, ती परमुलखात घडविलेली, वरून मराठी बोली चढविलेली, येणेकरून ओठ एक बोलत आणि शब्द दुसरेच निघत. पात्रांची नावे ऐसी की उच्चारिता दातांत अडकावीत, म्हणोन बाईसाहेबांनी सर्वांचे नव्याने बारसे केले: नौकेचा धनी तो कप्तान, औषधपाणी पाहणारी तिनडोळी ती वैदीण, लोखंडी मनुष्य तो पत्र्या, आणि अंधाऱ्या ताऱ्यावर राज्य करणारी, सर्वांची वैरीण, ती काजळराणी.

बाईसाहेबांचे मत ऐसे की, कप्तान शूर, परंतु अकलेने कच्चा. नवा ग्रह दिसला की नौका पत्र्याच्या हवाली करून आपण सर्वांआधी उतरणार. राजाने जासुदाचे काम करू लागावे तर जासुदाने काय माशा माराव्या? आणि ग्रह कोठलाही असो, तीच खडीची खाण आणि तोच वारा, आणि इतके ग्रह पालथे घातले परंतु एकावरही धुणे वाळत घातलेले दिसले नाही, मग ही माणसे नेसतात ते धुते कोण? वैदीण गुणाची, तिसरा डोळा असोन कधी वटारिला नाही. तिचे कप्तानाशी जमवावे तर ते मालिका करणारांस सुचेना, आणि कप्तान गेला तो काजळराणीच्या नादी, जिने काजळ इतके घातले की आत डोळा आहे की नाही याची खात्री देववेना. पत्र्या मात्र मुत्सद्दी. पुसल्याविना बोलत नाही आणि पुसले तरी आकडा सांगोन मोकळा होतो. इतके सर्व बाईसाहेबांस लख्ख दिसे, परंतु कथा समजेना. आज मेलेला मनुष्य उद्या जेवताना दिसे. बाईसाहेबांनी पुसावे, हा उठला कैसा? तो सर्जेरावांची कन्या केतकी शेजारी बसलेली असे, तिने सांगावे, आजीसाहेब, हे मागचे आहे. मग जो धडधाकट तो मेलेला दिसावा, आणि पुसावे, हेही मागचेच ना? तर म्हणे, नाही, हे पुढचे आहे. मग आत्ताचे कोणते? केतकीने थोडा विचार करावा आणि सांगावे, आत्ताचे जाहिरातीनंतर. ऐसा कारभार चालला होता, आणि केतकीवाचून ती मालिका म्हणजे वेशीबाहेरचा तमाशा, ढोलकी ऐकू येते आणि नाचणारी दिसत नाही.

आता मूळ घोटाळा कैसा उपजला ते सांगणे. बाईसाहेबांस मागचा पुढचा भाऊ नव्हता. भाऊ नसेल त्या बाईने भाऊबीजेस चंद्रास ओवाळावे ही आपली रीत, आणि परकरात होत्या तेव्हापासून बाईसाहेब चंद्रास ओवाळीत आल्या. त्या साली भाऊबीजेस आभाळ ऐसे दाटले की चंद्राची कोर दिसेना, आणि बाईसाहेब तबक घेऊन अंगणात ताटकळल्या, आणि वात दोन वेळा विझली, आणि मग त्या संतापून आत आल्या. आत मालिका लागली होती. कप्तान नौकेच्या खिडकीशी उभे, आणि खिडकीच्या पलीकडे चंद्र, हात लांबविला तर लागेल ऐसा. बाईसाहेब म्हणाल्या, हा त्याच आळीत राहतो, आणि निदान बोलतो चालतो तरी. मग केतकीकडून चित्र थांबवून धरविले, आणि काचेवर कुंकू लाविले, आणि अक्षता टाकून ओवाळिले. चित्र पुन्हा चालू जाहले तो कप्तान पुढे निघून गेले आणि कुंकू जागचे जागी राहोन काजळराणीच्या नाकावर बसले. परंतु रीत झाली ती झाली. ते दिवसापासून कप्तानास नुसते कप्तान म्हणावयाची कोणाची छाती नव्हती. कप्तानदादा म्हणावे लागे.

पुढे माघात केतकीची सोयरीक नदीपलीकडील राज्यी जमली. तेथे हौसाबाईसाहेब धनीण, त्यांचे नातू इंद्रजितराव मुलगा, आणि मुलगा मुलीस पसंत, मुलगी मुलास पसंत, आणि साखरपुडा फाल्गुनात ठरला. ऐशा समयी मालिकेचे पहिले पर्व समाप्त होण्याचा दिवस आला, आणि त्या दिवशी कप्तानदादांनी नौका वाचविण्यास्तव एकटेच लहान होडीत बसोन काळ्या विवरात उडी घातली. वैदीण तिन्ही डोळ्यांनी रडली. पत्र्याने आकडा सांगितला नाही. मग पडदा काळा जाहला आणि अक्षरे उमटली की, दुसरे पर्व लवकरच. बाईसाहेब ताडकन उठल्या आणि न्हाणीकडे निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत थांबल्या, कारण न्हावे कशाचे ते कळेना. आंघोळ करोन सुतक धरावे, तर दादास जितेपणी मारिल्याचे पाप. न धरावे, तर मेल्या भावास विसरल्याचे पाप.

मग उपाध्ये धोंडोपंत यांस बोलाविले. धोंडोपंतांनी पळसाच्या पानांची गोष्ट काढिली की, देह सापडला नाही परंतु मरण नक्की, तर पानांचा पुतळा करोन दहन करावे, आणि तेथून सुतक मोजावे. आणि मनुष्य नुसता बेपत्ता, तर बारा वर्षे वाट पाहावी. परंतु विवरात पडणे हे मरणे की हरवणे, हे ग्रंथी लिहिले नाही. आणि भीत भीत हेही बोलिले की, लग्न होऊन गेलेल्या बहिणीस भावाचे सुतक तीन दिवस, नातीस तर मुळीच नाही. बाईसाहेबांनी विचारिले की, घरची वडील मी कोपऱ्यात बसणार, आणि मुलीची ओटी काय तुम्ही भरणार? धोंडोपंतांनी उपरणे सावरिले. मग हुकूम सुटला की, कप्तानदादा मेले की जिवंत हे ठरेतो या राज्यी मंगलकार्य होणे नाही. मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती ती बाईसाहेबांनी कोणास सांगितली नाही: केतकी नदीपलीकडे गेली म्हणजे मालिकेतले मागचे, पुढचे आणि आत्ताचे निवडून देणार कोण? आणि केतकीने साखरपुड्याचे लुगडे कपाटातून काढावे, उलगडावे, घडी घालून पुन्हा आत ठेवावे, ऐसे चालले.

हौसाबाईंनी आधी निरोप धाडिला, मग दुसरा धाडिला, मग स्वतः गाडीत बसोन आल्या. त्याही मालिका पाहत, परंतु काजळराणीच्या पक्षाच्या. त्यांचे मत, एकटी बाई अंधाऱ्या ताऱ्याचा कारभार रेटते, तिला सर्व कडक म्हणतात, आणि कप्तान गावभर हिंडतो तो शूर. हा कोठला न्याय? काजळ तिच्या पैशाचे, तिने डब्या रिकाम्या कराव्या. वैदिणीविषयी म्हणाल्या की, तीन डोळे असोन जिला नवरा करण्याजोगा मनुष्य ओळखता येईना, तिला एक डोळा पुरे होता. यावर दोन्ही राज्यांत बहुत वेळ तुंबळ जाहले आणि चहा निवला. शेवटी हौसाबाई म्हणाल्या:

"मेला म्हणा आणि आंघोळ करा, विहीणबाई. पोरं ताटकळलीत."

"अजून विहीण झाले नाही. आणि तुमचा नातू उद्या घरी आला नाही, तर परवा आंघोळ करून मोकळ्या व्हाल का?"

हौसाबाईंचे तोंड उतरले, मग चढले. त्यांनी निर्वाणीचे सांगितले की, आम्हांस दुसरी स्थळे येतात. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग लागेल त्या दिवशी आपण येथे येऊन बसू, आणि त्या बैठकीत निकाल लागला नाही तर सोयरीक मोडली म्हणोन समजावे. केतकी चहाचे कप उचलीत होती, ती तशीच कप धरोन उभी राहिली.

फाल्गुन गेला, संवत्सर पालटले, विश्वावसू लागला, आणि वैशाखात दुसरे पर्व आले. ते दिवशी टीव्हीपुढे दोन्ही राज्ये जमा जाहली. सर्जेराव, धोंडोपंत, हौसाबाई, आणि त्यांचे मागे इंद्रजितराव दाराशी अंग चोरून उभे. बाईसाहेब मधोमध, आणि उजवे हाती केतकी. काळे विवर दिसले, आणि ते गरगर फिरू लागले, आणि आतून होडी बाहेर पडली, आणि होडीतून कप्तानदादा उतरले. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्यात मागाहून दुसरी होडी पडली आणि तीतूनही कप्तानदादा उतरले. एक गुळगुळीत, एक दाढीवाला, बाकी तिळाचा फरक नाही, आणि दोघेही म्हणू लागले की, खरा मीच. वैदीण भोवळ येऊन पडली. पत्र्यास पुसले, त्याने आकडा सांगितला: दोन.

तेव्हा टीव्ही राहिला बाजूस आणि सर्वांची तोंडे केतकीकडे फिरली. बाईसाहेबांनी पुसले, यातला आपला दादा कोणता? तिने एकाकडे बोट दाखवावे, हा खरा म्हणावे, की लगेच भाऊ जिवंत, सुतक नाही, आणि साखरपुडा मोकळा. इतके त्या खोलीत सर्वांस कळत होते आणि केतकीस सर्वांहून अधिक. इंद्रजितरावांनी तर डोळ्यांनी दाढीवाला सुचविला. केतकी टीव्हीकडे पाहत राहिली आणि मग बोलली:

"आजीसाहेब, मला ठाऊक नाही. मला कधीच ठाऊक नव्हतं. मागचं कोणतं, पुढचं कोणतं, सगळं मी मनानं लावून सांगत होते. तुम्ही इतक्या आशेनं विचारायचात, नाही म्हणवेना."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मग सर्जेराव हळूच म्हणाले की, न समजणारे या घरात आपण एकटेच ऐसे इतके दिवस वाटत होते. धोंडोपंतांनीही मान हालविली. हौसाबाई कपाळास हात लावून बसल्या, आणि मग खरे बाहेर पडले की, मुलीस मालिका उलगडून सांगता येते ऐसी कीर्ती नदीपलीकडे गेली होती, त्यांचे घरीही सांगणारे कोणी नव्हते, म्हणोन तर मागणी घातली. बाईसाहेबांस प्रथम राग आला तो डोक्यास गेला. इतकी मते मांडिली, इतके निवाडे केले, ते सर्व एका पोरीच्या गोडबोलेपणावर. मग त्यांनी केतकीकडे पाहिले. पोरीचे हात मांडीवर होते. एक बोट उचलिले असते तर लुगडे नेसली असती, आणि ते तिने उचलिले नव्हते. बाईसाहेबांचा राग जैसा चढला तैसा उतरला, आणि उतरता उतरता अक्कल वर आली.

"धोंडोपंत, विवरात किती गेले?"

"एक."

"बाहेर किती आले?"

"दोन."

"एक आत जाऊन दोन बाहेर येतात, त्याला आपल्यात मरण म्हणतात की बाळंतपण?"

धोंडोपंतांनी उपरणे या खांद्यावरचे त्या खांद्यावर घेतले आणि म्हणाले की, ऐसे पाहता बाळंतपणच म्हणावे लागेल.

"मग हे सुतक नव्हे. जन्माचं ते सोयर. आणि माहेरचं सोयर दिल्या घरच्या लेकीला लागतं का?"

"लागत नाही, बाईसाहेब."

"संपलं. केतके, लुगडं नेस."

हौसाबाईंनी तरी विचारिलेच की, यातला मूळचा कोणता आणि नवा कोणता. बाईसाहेब म्हणाल्या की, दोघेही माझ्या माहेरचे, त्यांत लहानमोठे करणाऱ्या तुम्ही कोण, आणि आता विहीणबाई म्हणा, म्हणाल तर ऐकेन. मग तेथेच टीव्हीपुढे, आवाज बारीक करोन, केतकीची ओटी भरिली आणि हातावर साखर घातली, आणि इंद्रजितराव दाराशी होते ते प्रथमच आत येऊन बसले. मागे दोन्ही कप्तानदादा एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, त्यांकडे कोणी पाहिले नाही.

ज्येष्ठात लग्न जाहले आणि केतकी नदीपलीकडे गेली. तिला तिकडे कोणी अर्थ पुसला तर ती स्वच्छ सांगते, मला कळत नाही. तेव्हा दिवेलागणीस हौसाबाईंचा फोन येतो, आणि केतकी आपला कान त्याच फोनास लावते, आणि अलीकडून बाईसाहेब अर्थ सांगतात, कोण खरा, कोण खोटा, कोण का रडला, सर्व, आणि सांगताना क्षणभरही अडखळत नाहीत. पोर दोन वाक्ये ऐकते, हसते, आणि पुसते, आजीसाहेब, जेवलात का?

येणेप्रमाणे एक गेले, दोन आले, मध्ये साखरपुडा अडला तो सुटला. कथा कोणास समजली नाही. निवाडा मात्र सर्वांस समजला आणि मान्य जाहला. घोटाळ्याची हकीकत इतकीच, आणि ज्यास याहून अधिक कळले असेल त्याने ते आपले आपणापाशी ठेवावे.