बनाबाई, प्रोप्रायटर

रजिस्टर टपालाचं पाकीट आलं तेव्हा बनाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पाकिटावर नाव त्यांचंच होतं, आणि नावाखाली 'प्रोप्रायटर' असं छापलं होतं. पोस्टमनने तो शब्द मोठ्याने वाचून दाखवला, सही घेतली आणि त्यांच्याकडे जरा नव्या नजरेने बघत सायकल वळवली.

संध्याकाळी सुगत शाळेतून आला. पाकीट वाचता वाचता त्याच्या हातातला चहा निवून गेला.

सुगत जिल्हा परिषदेचा शिक्षक. तीन वर्षं तो आपल्या तेर गावावर, तेरणा नदीच्या पाण्यावर, जुन्या विटांवर आणि बाजारावर ब्लॉग लिहीत होता. जाहिरातींचे चार पैसे यायला लागले आणि नोकरीचा नियम आडवा आला. सरकारी माणसाला जोडधंदा चालत नाही. मग त्याने सगळं आईच्या नावावर केलं. पॅनकार्ड तिचं, खातं तिचं. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं.

नोटीस स्टँडवरच्या हॉटेलवाल्या गुंडाप्पांची होती. त्यांच्या भज्यात हरभऱ्याची डाळ पाहुणी म्हणून येते, घर मक्याच्या पिठाचं असतं, असं ब्लॉगवर आलं होतं. गुंडाप्पांच्या वकील पुतण्याने त्यावर पंधरा दिवसांत माफी आणि दोन लाख रुपये भरपाई मागितली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मायलेक धाराशिवला भाग्यश्रीकडे गेले. ती सुगतची वर्गमैत्रीण, आता करसल्लागार. तिने कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. एकट्याच्या नावावरचा धंदा म्हणजे धंदा आणि माणूस एकच, तिने सांगितलं. दावा ब्लॉगवर नाही, मावशींवर लागेल. मावशींच्या नावचं एकरभर रान, कानातली फुलं, सगळं त्यात आलं. कंपनी असती तर कंपनी वेगळी आणि मावशी वेगळ्या राहिल्या असत्या.

"मग आजच कंपनी करू," सुगत म्हणाला.

"आज केलेली कंपनी कालचं ओझं उचलत नाही. आणि कर नुसत्या नावाला लागत नसतो, कमावणाऱ्याला लागतो. लिहितोस तू, उत्पन्न दाखवतोस मावशींचं. मागची वर्षं तुझ्या रिटर्नमध्ये धर, शाळेला खरं कळव. पुढं एक तर परवानगी काढ, नाही तर ब्लॉग मावशींना खरोखर चालवू दे."

"मग म्याच चालवते," बनाबाई म्हणाल्या. त्याही खोलीत बसल्या आहेत, हे दोघं विसरलेच होते.

परतीच्या एसटीत ज्वारीची रानं मागे मागे जात होती. बनाबाईंनी विचारलं, "ती भजी तू खाल्ली व्हतीस का?"

सुगतने ती खाल्ली नव्हती. शाळेत कुणीतरी बोलता बोलता म्हणालं होतं. मग घरी लिहायला बसल्यावर ते पाहुणीचं वाक्य सुचलं, आणि फार छान जमलं.

"वाक्य चांगलं हाय," त्यांनी कबूल केलं. "पर रान माझं हाय."

स्टँडवर उतरल्या त्या सरळ हॉटेलात शिरल्या. सुगत रसवंतीच्या आडोशाला थांबला. गल्ल्यावरचे गुंडाप्पा त्यांना बघून उभेच राहिले.

"प्रोप्रायटर आलीया," बनाबाई म्हणाल्या. "लेखातलं ऐकीव व्हतं. न चाखता लिवलं, ती चूक. उद्या त्याच जागी माफी छापते. दोन लाख न्हाईत माझ्यापाशी, रान हाय."

गुंडाप्पांनी गळ्यातला पंचा काढून उगाचच गल्ला पुसला. "पुतण्या म्हणला, पुण्याची कंपनी असंल. नाव म्या वाचलंच न्हाई. कंपनीला नोटीस धाडता येती, बनाबाई. तुमच्यावर कसा दावा लावू? रोज समोरनं जाताव."

मग त्यांनी भज्यांची ताटली मागवली. बनाबाईंनी एक भजं सावकाश खाल्लं.

"मका हाय."

"थोडा. कुरकुरीत व्हायला."

"तेवढं छापू का?"

गुंडाप्पांनी विचार केला. "छापा. पर 'थोडा' लिवा."

तिसऱ्या दिवशी पुतण्याने नोटीस मागे घेतल्याचं लेखी दिलं. तरी सुगतची झोप उडालेलीच. पुढच्या वेळी रान सुरक्षित राहावं म्हणून त्याने एकट्या माणसाच्या कंपनीचे कागद भरून आणले आणि आईपुढे ठेवले, सहीच्या जागी खुणा करून.

"ह्या कंपनीला माफी मागाया जायला पाय असत्यात का?" बनाबाईंनी विचारलं.

सुगतने भाग्यश्रीला फोन लावला. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "पाय तेवढे नसतात." कागद कपाटात गेले.

त्यानंतर ब्लॉग खरोखर बनाबाईंचा झाला. आईने सांगितलेलं टाइप करून द्यायला नियमात मनाई नाही, हे सुगतने मागचं सगळं शाळेला खरं कळवताना रीतसर अर्ज करून विचारून घेतलं. पहिल्याच रविवारी मालकीणबाई परंड्याचा किल्ला बघायला एकट्या निघाल्या. पासष्ट वर्षांत त्या खुरपणीला गेल्या, दवाखान्यात गेल्या, लग्नांना आणि मातीला गेल्या. नुसतं बघायला म्हणून कुठं गेल्या नव्हत्या. तिकीट त्यांनी पदराच्या गाठीला बांधलं, कारण ते खर्चात धरायचं होतं.

दुपारी त्यांचा फोन आला. सुगत लॅपटॉप उघडून बसलाच होता.

"लिव. बुरुजावर वारं लई हाय."

त्याने लिहिलं. मग कितीतरी वेळ फोनमधून नुसतं वारंच येत राहिलं.

"आई, पुढं काय लिहू?"

"थांब की जरा," बनाबाई म्हणाल्या. "अजून बघतीया."