बॅटरीच्या पाण्याचा पाहुणचार

पोटाच्या दुखण्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं कर्जतमध्ये कुणालाच कळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पोटावर ठेवत नाही, कारण तिथे केव्हा काय सुरू होईल याचा नेम नाही! तीन वर्षांची जुनी संग्रहणी. वर्गात फळ्याकडे वळायचो, तो थेट दाराबाहेर! त्यात बहात्तरचा दुष्काळ. टँकर यायचा, गावच्या आडात पाणी ओतायचा आणि तेच गढूळ पाणी आम्ही शेंदून प्यायचो. नगरचे डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून प्या."

उकळून! मी बी.एस्सी. झालेला, हायस्कूलचा सायन्सचा मास्तर! उकळलेलं काय, कुणीही पितो. मी डिस्टिल्ड वॉटर प्यायचं ठरवलं. बन्सीच्या गॅरेजात ते ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांसाठी ठेवलेलं असायचं. त्याच्याकडून दर आठवड्याला भली मोठी बाटली भरून आणायला लागलो.

आणि काय सांगू, पोट एकदम गप्प! दोन महिने एक तक्रार नाही. मी रोज पेला उंचावून बायकोला सांगायचो, "दमयंती, चव बघ! यात जंतू नाही, क्षार नाही, काही म्हणजे काही नाही!"

"मग पिता कशाला?" ती विचारायची.

अशात मार्चमधल्या एका रविवारी शाळेचे चेअरमन आप्पासाहेब दारात उभे! मला नोकरीत कायम करायचं की जूनपासून घरी बसवायचं, हे त्यांच्या एका सहीवर होतं.

"मास्तर, कागुद आनलाय. पन आदी पानी द्या. लई ऊन हाय."

एवढा मोठा पाहुणा म्हणून दमयंतीने माझ्या बाटलीतलंच पाणी तांब्यात ओतलं, सोबत गुळाचा खडा. आप्पासाहेबांनी तांब्या घटाघटा रिकामा केला. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण राहवेना!

"आप्पासाहेब, हे साधंसुधं पाणी नाही. बॅटरीत घालतात ते! खास तुमच्यासाठी!"

गुळाचा खडा त्यांच्या हातातून पडला.

"ब्याटरीतलं? आरं, त्या पान्यानं माज्या धोतराची चाळन झालीया! न् तू माज्या पोटात घातलंस?"

"अहो, ते ॲसिड! हे निराळं..."

ऐकतो कोण! आप्पासाहेब ओट्यावर आडवे झाले. "माज्या कारभारनीला सांगा, म्या चाललो!" शेजारच्या साळूबाईंनी धावत येऊन त्यांना वाटीभर तूप पाजलं. कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी ताक. घटकाभरात निम्मं गाव अंगणात! मास्तराने चेअरमनला विष घातलं, अशी बातमी वेशीपर्यंत पोचली. नोकरी तर गेलीच, आता बेड्या पडणार या धास्तीने माझं पोट दोन महिन्यांनी पुन्हा बोलू लागलं.

"बन्सीला बोलवा!" मी ओरडलो. "बाटली त्याची आहे!"

बन्सी आला, गर्दी पाहिली आणि त्याने थेट आप्पासाहेबांचे पाय धरले.

"भिऊ नका, आप्पासाहेब. त्यात ॲसिड न्हाई." मी सुटकेचा श्वास घेतला. "डिस्टिलबी न्हाई! दिवाळीपासनं नगरचा माल बंद हाय. मी आडाचंच पानी फडक्यानं गाळून भरतो. मास्तर लई आवडीनं न्यायचे, म्हनून बोललो न्हाई."

आप्पासाहेब ताडकन उठून बसले. वाटलं, आता बन्सीची खैर नाही. पण ते माझ्याकडेच बघत राहिले.

"मास्तर, दोन म्हैनं आडाचं पानी पीत हुता?"

"हो."

"न् कळलं न्हाई?"

दमयंती कशाला गप्प बसतेय! "रोज चव बघ, चव बघ म्हणायचे हो!"

आप्पासाहेब पोट धरून हसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला, सही केली आणि खाली आणखी एक ओळ लिहीत म्हणाले,

"मानूस गरीब हाय, तवा कायम केलं. पन ज्याला आडाचं पानी वळखू येत न्हाई, त्यानं पोरांस्नी सायन्स शिकवू नये."

तर मंडळी, सध्या मी कायम आहे. पीटीला! आणि पोट त्या दिवसापासून पुन्हा बिघडलेलं! मैदानापासून शाळेचा संडास चांगला दोनशे पावलांवर आहे. पोरं म्हणतात, इतका जीव तोडून पळणारा पीटीचा मास्तर आम्ही आजवर पाहिला नाही.